अर्धीच व्याख्या : आंतरराष्ट्रीय संबंध आणि शाश्वत विकास यांच्या पदव्युत्तर अध्ययनाची चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या तीन दशकांत आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘शाश्वत विकास’ या घटकाला स्थिर स्थान मिळाले आहे. परदेशांतील नामवंत विद्यापीठांत या दोन विषयांची सांगड घालणाऱ्या स्वतंत्र पदव्या दिल्या जातात. आपल्याकडेही राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि पर्यावरणशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर वर्गांत हा घटक कोणत्या ना कोणत्या रूपाने शिकवला जातो. विषयाचा हा विस्तार स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु एखादा विषय अभ्यासक्रमात आला म्हणजे त्याचे अध्ययन सुरू झाले असे होत नाही. तो कोणत्या रूपात आला, त्यातील कोणता भाग वर्गापर्यंत पोहोचला आणि कोणता वाटेत गळाला, याची तपासणी अधूनमधून करावी लागते.

प्रस्तुत लेखात अशी तपासणी करण्याचा प्रयत्न आहे. शाश्वत विकासाची संकल्पना पदव्युत्तर वर्गात एक सर्वमान्य व्याख्या म्हणून शिकवली जाते. वास्तविक ती राष्ट्राराष्ट्रांमधील वादातून आणि वाटाघाटीतून घडलेली आहे, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. व्याख्या हाती येते आणि वाद गळून पडतो. त्यामुळे ‘निर्णय कोणाचा, खर्च कोणाचा आणि जाब कोणाला विचारायचा’ हे जे आंतरराष्ट्रीय संबंध या शाखेचे स्वतःचे प्रश्न, तेच विद्यार्थी विचारेनासा होतो. हे प्रतिपादन काही मूळ दस्तऐवजांच्या आणि सरदार सरोवर प्रकल्पाच्या आधारे मांडले आहे.

दोन ज्ञानशाखांची पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय संबंध ही स्वतंत्र विद्याशाखा पहिल्या महायुद्धाच्या संहारातून जन्मली. १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले, तेव्हा युद्ध कसे टाळता येईल हा तिच्यापुढील प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या शाखेचा झपाट्याने विस्तार झाला. कोलंबिया विद्यापीठाने १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय घडामोडींचे स्वतंत्र प्रशाला-केंद्र सुरू केले. भारतात १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले आणि १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. या सर्व केंद्रांमध्ये सार्वभौम राष्ट्र हाच अभ्यासाचा मूलभूत घटक होता. राष्ट्रांचे हितसंबंध, सत्तासंतुलन, करार आणि संघर्ष हे या शाखेचे विषय होते.

शाश्वत विकासाची कल्पना याहून निराळ्या कुळातून आली. तिचे मूळ बहुतेक अभ्यासक जर्मन वनशास्त्रात शोधतात. सॅक्सनीतील खाण-प्रशासनात काम करणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ याने १७१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, खाणींसाठी लागणाऱ्या लाकडाचा तुटवडा पाहून, जंगल जेवढे वाढते तेवढेच तोडावे असा विचार मांडला. म्हणजे ही कल्पना मुळात एका हिशेबाची होती. पुढे १९८० च्या ‘वर्ल्ड कॉन्झर्व्हेशन स्ट्रॅटेजी’ या दस्तऐवजात ती निसर्गसंवर्धनाच्या अंगाने आली आणि १९८७ मध्ये नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अहवालाने तिला जागतिक मान्यता दिली.

पहिली शाखा सीमांचा आणि हितसंबंधांचा विचार करते. दुसरी सीमा न मानणाऱ्या हवा-पाण्याचा आणि अद्याप न जन्मलेल्या पिढ्यांचा. या दोहोंना एका पदवीत आणायचे तर त्यांच्यातील तणाव हाच अभ्यासाचा गाभा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हा तणाव बाजूला ठेवून व्यवस्थापनाचे प्रशिक्षण पुढे आले. या संदर्भात एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. जेफ्री सॅक्स आणि जॉन मॅकआर्थर यांच्या सहअध्यक्षतेखालील एका आंतरराष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये ‘विकास-व्यवहार’ या विषयातील पदव्युत्तर पदवीची शिफारस केली. त्यानुसार कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर इतर देशांतील विद्यापीठांत हा अभ्यासक्रम सुरू झाला. भारतात तो दिल्लीच्या टेरी विद्यापीठात, म्हणजे आताच्या टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजमध्ये, आला. आरोग्यशास्त्र, नैसर्गिक विज्ञाने व अभियांत्रिकी, सामाजिक शास्त्रे आणि व्यवस्थापन असे या पदवीचे चार आधारस्तंभ मानले गेले. प्रत्यक्ष क्षेत्रकार्यावर दिलेला भर ही या पदवीची निःसंशय जमेची बाजू आहे. मलेरिया, माती आणि अंदाजपत्रक या तिन्हींची जाण असलेला कार्यकर्ता तयार व्हावा हा हेतूही रास्त आहे. परंतु राजकारण, इतिहास आणि आंतरराष्ट्रीय कायदा हे सगळे सामाजिक शास्त्रांच्या एकाच स्तंभात सामावून घेतले गेले, ही रचना बोलकी आहे. विकासाचा प्रश्न मुख्यतः कौशल्याचा आहे, सत्तेचा नाही, हे गृहीतक या रचनेतच दडलेले आहे.

अर्धवट उद्धृते : तीन दस्तऐवज

हे गृहीतक वर्गात कसे मुरते हे पाहायचे असेल तर पाठ्यपुस्तकांतून वारंवार येणाऱ्या तीन वचनांकडे वळावे लागेल. ही वचने मूळ दस्तऐवजांतून घेतलेली आहेत, परंतु ती अपुरी घेतलेली आहेत.

पहिले वचन इंदिरा गांधी यांचे. १९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज तेथे उपस्थित राहिलेल्या त्या एकमेव शासनप्रमुख होत्या. गरिबी हाच सर्वांत मोठा प्रदूषक आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितल्याचे आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. भाषणाची मूळ संहिता पाहिली तर त्यांनी हे विधान केलेले नसून प्रश्न विचारलेला आहे, हे ध्यानात येते. या प्रश्नाच्या आगेमागे जंगलात आणि जंगलालगत राहणाऱ्या आदिवासींचा उल्लेख आहे. त्यांच्या रोजच्या गरजा भागवण्याची सोय केल्याशिवाय त्यांना जंगलापासून दूर राहण्यास सांगता येणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. त्याच भाषणात, आजच्या अनेक प्रगत देशांची समृद्धी इतर वंशांवर आणि देशांवर गाजवलेल्या वर्चस्वातून आली आहे, याचेही स्पष्ट स्मरण करून दिलेले आहे. प्रश्नाचे विधान झाले आणि इतिहासाचा भाग गळला. त्यामुळे श्रीमंत राष्ट्रांना विचारलेला प्रश्न गरिबांवरील आरोप म्हणून उरला. वक्तव्याचा रोख असा नेमका उलटा झालेला आहे.

दुसरे वचन ब्रुंटलँड अहवालातील व्याख्येचे. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागवणारा विकास म्हणजे शाश्वत विकास, अशा आशयाची ही व्याख्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. परंतु अहवालात ती एका वाक्यात संपत नाही. या विकासात दोन कल्पना अंतर्भूत आहेत, असे तेथे लगेच पुढे सांगितले आहे. त्यांतील पहिली कल्पना ‘गरजां’ची असून जगातील गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वांच्या आधी प्राधान्य मिळाले पाहिजे, असे आयोग म्हणतो. दुसरी कल्पना मर्यादांची आहे. या मर्यादा केवळ निसर्गाने घातलेल्या नसून तंत्रज्ञानाच्या आणि सामाजिक संघटनेच्या अवस्थेतून निर्माण झालेल्या आहेत. हा उत्तरार्ध वगळला की व्याख्येतील ‘वर्तमान पिढी’ एकसंध होते. मुंबईतील वातानुकूलित घर आणि धडगावातील चूल यांच्या गरजा मग एकाच पारड्यात पडतात. आजच्या पिढीतील विषमता नजरेआड होते आणि उरतो तो केवळ आज आणि उद्या यांच्यातील हिशेब. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. नगेंद्र सिंह हे या आयोगाचे भारतीय सदस्य होते. व्याख्येचा उत्तरार्ध आपल्याच देशातील कायदेपंडिताच्या सहभागातून सिद्ध झालेल्या अहवालात असूनही तो आपल्या वर्गात क्वचितच वाचला जातो, ही बाब अध्यापकांनी विचारात घ्यावी अशी आहे.

तिसरे उदाहरण वचन गाळण्याचे नसून शब्द वाढवण्याचे आहे. स्टॉकहोम जाहीरनाम्याच्या एकविसाव्या तत्त्वाने प्रत्येक राष्ट्राला आपल्या पर्यावरणविषयक धोरणानुसार स्वतःची साधनसंपत्ती वापरण्याचा सार्वभौम हक्क दिला आणि त्याचबरोबर आपल्या कृतीमुळे इतर देशांच्या पर्यावरणाची हानी होऊ न देण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली. वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, रिओ दि जानेरो येथील परिषदेच्या जाहीरनाम्यात हेच तत्त्व दुसऱ्या क्रमांकावर आले. मात्र आता ‘पर्यावरणविषयक’ या शब्दाला ‘आणि विकासविषयक’ अशी जोड मिळाली. एवढ्या एका भरीमुळे हक्काची बाजू रुंदावली. जबाबदारीची बाजू होती तेवढीच राहिली. ही भर विकसनशील राष्ट्रांच्या दृष्टीने न्याय्य होती असे म्हणता येते आणि तिने जबाबदारी सैल केली असेही म्हणता येते. दोन्ही बाजू मांडता येतात म्हणूनच हे तत्त्व वर्गात चर्चेला घेण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र दोन्ही परिषदांची वर्षे, ठिकाणे आणि फलिते तेवढी क्रमाने नोंदलेली असतात.

शब्दांवरचा हा झगडा पुढेही चालूच राहिला. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस कराराचा अंतिम मसुदा समोर आला, तेव्हा प्रगत राष्ट्रांच्या उत्सर्जन-लक्ष्यांविषयीच्या कलमात बंधनकारक क्रियापद होते. अमेरिकेने त्यास हरकत घेतली आणि त्या जागी केवळ अपेक्षा व्यक्त करणारे क्रियापद आले. हा बदल टंकलेखनातील चुकीची दुरुस्ती म्हणून जाहीर करण्यात आला. २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताच्या आग्रहाने कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने ‘बंद करणे’ याऐवजी ‘कमी करणे’ असा बदल झाला. पहिल्या बदलात प्रगत राष्ट्राचा हितसंबंध आहे, दुसऱ्यात आपला. दोन्ही बदल एकाच मापाने मोजण्याची सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे.

संज्ञेचे मराठी रूप

मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. मूळ इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘जे धरून ठेवता येईल, पेलता येईल’ असा आहे. त्यासाठी मराठीत ‘टिकाऊ’, ‘चिरस्थायी’, ‘धारणाक्षम’ असे निरनिराळे पर्याय वापरले गेले. शासकीय आणि शैक्षणिक व्यवहारात मात्र ‘शाश्वत’ हा शब्द रूढ झाला. हा शब्द आपल्याकडे अध्यात्माच्या परिसरात वाढलेला आहे. देह अशाश्वत, परमात्मा शाश्वत, अशी त्याची संगत आहे. जे शाश्वत आहे त्याला आरंभ नसतो, अंत नसतो आणि विशेष म्हणजे त्याचा हिशेब मागायचा नसतो. कार्लोवित्झच्या जंगलात किती झाडे वाढली आणि किती तोडली या प्रश्नापासून सुरू झालेली कल्पना मराठीत येताना अशा रीतीने हिशेबातून सुटते आणि श्रद्धेच्या कक्षेत जाते.

रूढ झालेला शब्द आता बदलावा असा आग्रह येथे धरलेला नाही. तसा तो धरणे व्यवहार्यही नाही. परंतु शब्दाची ही छटा विद्यार्थ्याला समजावून सांगणे हे अध्यापकाचे काम आहे. उलट बाजूने पाहता मराठीचे व्याकरण या विषयाच्या अध्यापनाला मोठे साहाय्य करू शकते. पॅरिस करारातील वर उल्लेखिलेला बदल मराठीत ‘करतील’ आणि ‘करावे’ या दोन रूपांतील फरकाने चटकन उमगतो. शालेय व्याकरणात शिकलेला विध्यर्थ आंतरराष्ट्रीय करारात कोणाला मोकळीक देतो, हे विद्यार्थ्याला आपल्या भाषेतून कळते. मूळ दस्तऐवजांतील निवडक कलमे मराठीत आणण्याचा उपक्रम पदव्युत्तर विभागांनी हाती घेतला, तर तो भाषांतराबरोबरच विषयाच्या अध्ययनाचाही उत्तम अभ्यास ठरेल.

सरदार सरोवर : न वाचला गेलेला अहवाल

वरील विवेचन केवळ शब्दांपुरते आहे असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध असलेले एक प्रकरण विचारात घेऊ.

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये आपला निवाडा दिला. त्यानंतर १९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. या धरणाने बाधित होणाऱ्या तीन राज्यांतील गावांपैकी ३३ गावे महाराष्ट्रातील होती. तेव्हाच्या धुळे आणि १९९८ पासूनच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ही गावे प्रामुख्याने आदिवासींची होती. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेच्या स्वतःच्या धोरणांचे पालन होत नसल्याची टीका वाढत गेली. तेव्हा बँकेचे अध्यक्ष बार्बर कोनाबल यांनी १९९१ मध्ये एक स्वतंत्र समीक्षा-मंडळ नेमले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे माजी प्रशासक ब्रॅडफर्ड मोर्स हे त्याचे अध्यक्ष आणि कॅनडातील विधिज्ञ टॉमस बर्जर हे उपाध्यक्ष होते.

या मंडळाच्या अहवालाची तारीख १८ जून १९९२ अशी आहे. रिओची वसुंधरा परिषद त्याच महिन्याच्या १४ तारखेस संपली होती. म्हणजे शाश्वत विकासाच्या जागतिक मान्यतेचा सोहळा आटोपल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, जगातील सर्वांत मोठ्या विकास-वित्तसंस्थेने आपल्याच प्रकल्पाविषयी काय केले नव्हते, याची नोंद प्रसिद्ध झाली. तत्कालीन परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही आणि बँकेने प्रकल्पापासून मागे सरून फेरविचार करावा, असे या अहवालाचे सार होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेच्या संचालक मंडळाने काही अटींवर साहाय्य चालू ठेवले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज न घेण्याचा निर्णय कळवला. त्याच वर्षी बँकेने तपासणी-मंडळ स्थापन केले; बँकेच्या प्रकल्पामुळे हानी झालेल्या लोकांना या मंडळाकडे थेट दाद मागता येऊ लागली.

पदव्युत्तर अध्ययनाच्या दृष्टीने या प्रकरणात किती गोष्टी एकत्र आल्या आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. बँकेतील मताधिकार भागभांडवलाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे निर्णय कोणाचा हा प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहतो. उर्वरित कर्ज नाकारताना सार्वभौमत्वाचा आधार घेता येतो, परंतु त्याच कृतीने विस्थापितांना उपलब्ध असलेला एक बाह्य अंकुशही दूर होतो. सार्वभौमत्व येथे ढाल आहे. ती कोणाच्या हातात आहे आणि तिच्यामागे कोण उभे आहे, हे पाहावे लागते. भारताने १९५८ मध्ये मान्यता दिलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या क्रमांक १०७ च्या आदिवासीविषयक कराराचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. म्हणजे जिनिव्हातील करार आणि अक्कलकुव्यातील गाव यांचा संबंध दिल्लीतील न्यायालयात तपासला गेला. १८ ऑक्टोबर २००० रोजी न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बांधकामास परवानगी दिली. न्यायमूर्ती एस. पी. भरुचा यांचे भिन्नमत पर्यावरणविषयक मंजुरीच्या मुद्द्यावर होते. बहुमताचा निर्णय आणि भिन्नमत शेजारी ठेवून वाचणे हा कोणत्याही पदव्युत्तर वर्गासाठी परिपूर्ण पाठ आहे.

या प्रकरणाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सौराष्ट्र आणि कच्छमधील पाणीटंचाई ही काल्पनिक नव्हती. तेथील रहिवाशांच्या गरजा याही ब्रुंटलँड अहवालाच्या अर्थाने मूलभूतच होत्या. महाराष्ट्रातील विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोदा परिसरातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन निर्वनीकृत करण्यात आली. एका धरणाने विस्थापित झालेल्यांना जमीन द्यायची तर जंगल द्यावे लागते आणि त्या जंगलावर आधीपासून अवलंबून असलेलेही आदिवासीच असतात. ‘गरजा’ आणि ‘मर्यादा’ या ज्या दोन कल्पना व्याख्येच्या उत्तरार्धात आहेत, त्या येथे एकाच तालुक्यात समोरासमोर उभ्या आहेत. व्याख्येचा पूर्वार्ध या पेचाविषयी काहीच सांगू शकत नाही.

या संघर्षाचे पडसाद पुढे जगभर उमटले. मोठ्या धरणांना बँकेने अर्थसाहाय्य थांबवावे, अशी मागणी करणारा १९९४ चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली या गावाच्या नावाने ओळखला जातो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक धरण आयोगाचा अहवाल नोव्हेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मेधा पाटकर या आयोगाच्या सदस्य होत्या. भारत सरकारने तो अहवाल स्वीकारला नाही. सातपुड्याच्या कुशीतील एका खेड्याचे नाव आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाला मिळावे, ही घटना आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासाला मुळीच गौण नाही. तरीही आपल्याकडे नर्मदेचा विषय ‘सामाजिक चळवळी’ या प्रकरणात शिकवला जातो आणि रिओचा विषय ‘आंतरराष्ट्रीय परिषदा’ या प्रकरणात. दोन्ही घटना एकाच महिन्यातील आहेत हे विद्यार्थ्याला कळण्याची सोय अभ्यासक्रमाच्या या मांडणीतच राहत नाही.

निर्देशांकांचे शास्त्र

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ शाश्वत विकास ध्येये आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारल्यानंतर या विषयाच्या अध्यापनाला संख्यात्मक वळण मिळाले. आपल्या नीती आयोगाने डिसेंबर २०१८ पासून राज्यांचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. अशा मोजमापाचे महत्त्व नाकारता येणार नाही. बालकुपोषण किंवा पिण्याचे पाणी यांची आकडेवारी नियमितपणे समोर येणे हे लोकशाहीस उपकारकच आहे. परंतु या निर्देशांकात सतराव्या ध्येयास, म्हणजे राष्ट्रांमधील भागीदारी, अर्थसाहाय्य आणि व्यापार यांविषयीच्या ध्येयास, गुण नसून केवळ वर्णनात्मक टिपण आहे. राज्यांच्या तुलनेत हे स्वाभाविकच आहे. अध्यापनात मात्र त्याचा परिणाम असा होतो की, जे मोजता येते ते राज्याच्या, जिल्ह्याच्या आणि अखेर गावाच्या माथी येते आणि जे राष्ट्रांनी परस्परांना देणे आहे ते गुणपत्रिकेबाहेर राहते.

मोजमापातही राजकारण असते, हे दाखवून देणारे काम भारतात फार पूर्वी झालेले आहे. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या गणिताची चिकित्सा केली. समुद्र आणि जंगले जो वायू शोषून घेतात त्याचा वाटा त्या संस्थेने देशांना त्यांच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटून दिला होता. म्हणजे जो जास्त धूर सोडतो त्याला निसर्गाच्या शोषणक्षमतेचाही जास्त वाटा मिळाला. हाच वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात दिला तर भारतासारख्या देशांवरील ठपका टिकत नाही, असे या दोघांनी दाखवले आणि जगण्यासाठीचे उत्सर्जन व चैनीसाठीचे उत्सर्जन यांत भेद करण्याची मागणी केली. आकडे तेच, भागाकार बदलला आणि दोषी बदलला. हा भेद देशांतर्गत विषमतेलाही लावला पाहिजे, अन्यथा गरिबांच्या सरासरीआड देशातील श्रीमंतांचे उत्सर्जन लपते. हा युक्तिवाद दोन्ही दिशांनी चालवता येणे, हीच पदव्युत्तर प्रशिक्षणाची खरी कसोटी होय.

अध्यापनाची दिशा आणि समारोप

या विवेचनातून काही सूचना पुढे येतात. पहिली म्हणजे शाश्वत विकासाचा घटक व्याख्येपासून सुरू न करता दस्तऐवजापासून सुरू करावा. स्टॉकहोमचे एकविसावे आणि रिओचे दुसरे तत्त्व शेजारी ठेवून एक तासिका घेता येते. त्यासाठी नवा निधी लागत नाही की नवा अभ्यासक्रम लागत नाही. दुसरी सूचना अशी की, प्रत्येक जागतिक करारासोबत आपल्या परिसरातील एक प्रकरण जोडावे. तिसरी सूचना परीक्षेविषयी आहे. ‘शाश्वत विकासाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हा प्रश्न जोपर्यंत प्रश्नपत्रिकेत कायम आहे, तोपर्यंत अर्ध्या व्याख्येचे पाठांतरही कायम राहणार. एखाद्या कलमातील शब्दबदलाचा लाभ कोणास झाला, असा प्रश्न विचारण्यास अभ्यास मंडळांची आडकाठी असण्याचे कारण नाही.

यावर असे म्हटले जाईल की, विद्यार्थ्यांना रोजगाराभिमुख कौशल्ये हवी आहेत आणि अशा चिकित्सेने नोकरी मिळत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. प्रकल्प-अहवाल लिहिणे, आकडेवारी हाताळणे, क्षेत्रभेट आखणे हे शिकवलेच पाहिजे. परंतु आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी दुष्काळी, धरणग्रस्त आणि वनालगतच्या गावांतून येतात. ते ज्या प्रश्नात जगतात तोच प्रश्न त्यांना दुसऱ्याच्या निर्देशांकातील एक रकाना म्हणून शिकवला जातो, तेव्हा त्यांचे स्वतःचे ज्ञान वर्गाबाहेर राहते. उद्या यांपैकीच कोणी एखाद्या संस्थेत, जिल्हा परिषदेत किंवा मंत्रालयात शाश्वत विकासाचा आराखडा तयार करील. त्या आराखड्यात गरिबांच्या मूलभूत गरजांना प्राधान्य असेल की नाही, हे त्याने व्याख्या पूर्ण वाचली होती की अर्धी, यावर काही अंशी तरी अवलंबून राहील.

सारांश, आंतरराष्ट्रीय संबंध आणि शाश्वत विकास यांचे एकत्रित अध्ययन फलदायी व्हायचे असेल, तर पहिल्या शाखेने आपली प्रश्न विचारण्याची सवय दुसरीला द्यावी आणि दुसरीने आपली हिशेबाची सवय पहिलीला. मोर्स अहवाल, न्यायमूर्ती भरुचा यांचे भिन्नमत आणि अग्रवाल–नारायण यांची पुस्तिका हे तीन दस्तऐवज जरी एका सत्रात पदव्युत्तर वर्गात मुळातून वाचले गेले, तरी या दिशेने पहिले पाऊल पडले असे म्हणता येईल.